स्टोक्ड: आधी भट्टी समजून घ्या, मग शब्द

सामना जिंकल्यावर न्यूझीलंडचा खेळाडू माइकसमोर येतो आणि म्हणतो, ‘आय ॲम स्टोक्ड.’ बाहेरदेशी शिकायला गेलेली गावातली पोरगी घरच्या ग्रुपवर लिहिते, ‘सो स्टोक्ड!’ इकडे तिचा काका मोबाइलवर अर्थ शोधतो. मिळतं काय, तर ‘उत्साही’, नाहीतर ‘उत्तेजित’. ‘उत्साही’ अपुरा आहे. ‘उत्तेजित’ तर मराठीत भलतीकडेच नेतो.

हा शब्द भट्टीवर राबणाऱ्या माणसाच्या कामातून आलेला आहे. ते काम नीट समजलं की शब्द कुठं शोभतो, कुठं नाही, त्याच्यापुढे काय जोडायचं, हे सगळं बऱ्यापैकी उलगडतं. आणि आपल्या विदर्भात हे काम समजून घेणं अवघड नाही. चूल इथं घरोघरी होती, अजून बऱ्याच घरी आहे. कोळशाच्या खाणी वणी-बल्लारपूरपासून उमरेडपर्यंत आहेत. आणि वाफेचं इंजिन मूर्तिजापूर-यवतमाळ भागातल्या चाळिशी ओलांडलेल्या कित्येकांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

शब्दाचं मूळ डच भाषेत आहे. डचमध्ये ‘स्टोकन’ म्हणजे जाळ सारणं, आग ढोसणं. त्याच्याही आधीचा अर्थ नुसता ‘ढोसणं’ असा होता, आणि काठी, दांडा या अर्थाच्या शब्दाशी त्याचं नातं आहे. म्हणजे मुळात काठीनं आग उकरणारा माणूस. मध्ययुगापासून सतराव्या शतकापर्यंत इंग्रज आणि डच यांचा समुद्रावर, व्यापारात आणि लढाईत सतत संबंध येत होता. त्या संबंधातून इंग्रजीत बरेच शब्द आले. जहाजाचा ‘डेक’, कप्तानाला म्हणायचा ‘स्किपर’, शर्यतीची ‘यॉट’ हे सगळे तिकडचे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘स्टोकर’ हा शब्द इंग्रजीत रुजला. स्टोकर म्हणजे भट्टीत इंधन घालणारा माणूस.

इंग्रजीत आधी आला तो माणूस, म्हणजे ‘स्टोकर’. ‘स्टोक’ हे क्रियापद त्यानंतर काही वर्षांनी त्याच्यापासून तोडून काढलं गेलं. लोकांना वाटलं, स्टोकर आहे म्हणजे तो काहीतरी ‘स्टोक’ करत असणार. ‘एडिटर’ आधी आणि ‘एडिट’ नंतर, तसाच हा प्रकार. त्यामुळे या शब्दात पहिल्यापासून एक माणूस उभा आहे, हातात फावडं घेऊन. आग आपोआप वाढली तर तिला स्टोक केलं असं म्हणत नाहीत. कुणीतरी घालावं लागतं.

आता ते घालणं म्हणजे नेमकं काय, ते पाहू.

शकुंतला ही आपल्याकडची छोटी रेल्वे, तिचे रूळ अरुंद, अडीच फुटी. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला. कापूस वाहून न्यायला घातलेली ही लाइन. तिच्यावर १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन १९२३ पासून धावलं, ते १५ एप्रिल १९९४ पर्यंत. मग डिझेल आलं. वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर असतो आणि फायरमन असतो. आपल्या रेल्वेत फायरमनच्या हाताखालच्या माणसाला ‘आगवाला’ म्हणत. ड्रायव्हर गाडी चालवतो, पण त्याला वाफ पुरवण्याचं काम फायरमन आणि आगवाला या दोघांचं. वाफ नसेल तर ड्रायव्हर कितीही हुशार असो, गाडी हलत नाही.

इंजिनाच्या मागच्या बाजूला फायरबॉक्स असतो. त्याच्या तळाला बिडाच्या पट्ट्यांची जाळी. जाळीखाली राखेचं तसराळं, त्याला हवा आत घेणारी झडप. जाळीवर कोळशाचा थर. वर पुढच्या बाजूला विटांची कमान, जेणेकरून ज्वाळा थेट पुढे न पळता मागे वळून फिरावी आणि पूर्ण जळावी. मग गरम वायू बॉयलरमधल्या नळ्यांतून पुढे धुराड्याकडे जातात, आणि नळ्यांभोवतीच्या पाण्याची वाफ होते.

सकाळी थंड इंजिन पेटवताना पहिलं काम आगीचं नसतं. आधी काचेच्या नळीत पाण्याची पातळी बघतात. पाणी नसताना आग घातली तर बॉयलर जातो, आणि बॉयलर गेला तर माणसंही जातात. पाणी ठीक असेल तर जाळीवर कोळशाचा पातळ थर, त्यावर लाकडं आणि तेलात भिजवलेल्या चिंध्या, मग काडी. घाई करायची नाही. लोखंडाचा एक भाग तापला आणि दुसरा थंड राहिला तर पत्रे आणि सांधे ताणले जातात, गळती सुरू होते. म्हणून थंड बॉयलरला वाफ धरायला कित्येक तास देतात.

पण हे पेटवणं झालं, स्टोक करणं नाही. पेटवण्याला इंग्रजीत वेगळे शब्द आहेत, ‘लाइट’, ‘किंडल’, ‘इग्नाइट’. स्टोकिंग सुरू होतं ते आग धरल्यानंतर.

त्याचा नियम एका ओळीत सांगतात: थोडं घाला, वारंवार घाला. नवखा माणूस दहा फावडी एकदम लोटतो आणि निवांत बसतो. होतं काय, तर थंड कोळशाच्या ढिगानं आग दबते, खालून येणारी हवा अडते, कोळशातून निघालेला वायू न जळताच बाहेर पडतो आणि धुराडं काळाकुट्ट धूर ओकायला लागतं. बघणाऱ्याला वाटतं इंजिन जोरात आहे. प्रत्यक्षात इंधन वाया जातंय आणि वाफेचा काटा खाली येतोय. जाणकार फायरमनच्या इंजिनाचा धूर फिकट राखाडी असतो, दर फावड्याला जरासा गडद होतो आणि पुन्हा निवळतो.

फावडं कुठं टाकायचं यालाही रीत आहे. मागचे दोन कोपरे आणि कडा जरा जाड ठेवायच्या, मधला आणि पुढचा भाग पातळ. आग पांढरट पिवळी झळकते तिथं कोळसा संपत आलेला असतो, तिथं टाकायचा. काळसर दिसते तिथं आधीच जास्त आहे. तिथं टाकायचा नाही. कोळसा मुठीएवढा फोडून घ्यायचा. मोठं ढेकूळ बाहेरून जळतं आणि आत कच्चं राहतं, भुगा टाकला तर वाऱ्याच्या ओढीनं न जळता नळ्यांत उडून जातो. आणि प्रत्येक फावड्यानंतर दार लोटायचं. उघडं राहिलं तर थंड हवा सरळ आत शिरते आणि तापलेल्या नळ्यांवर आदळते.

थर कुठं विरळ झाला तर आगीला भोक पडतं. हवा तर वाट सोपी असेल तिकडून जाणार. ती त्या भोकातून थंडच वर येते, बाकीच्या कोळशाला मिळत नाही आणि वाफ पडते. ड्रायव्हरनं एकदम जोर लावला तर सिलिंडरमधून सुटणाऱ्या वाफेच्या फटकाऱ्यानं धुराड्याकडे ओढ वाढते, आणि पातळ आग जाळीवरून उचलली जाऊन असं भोक पडू शकतं. उलट थर फार जाड असेल तर हवाच वर येत नाही. दोन्हींच्या मधली जागा सापडणं हेच कौशल्य.

आपल्याकडच्या कोळशाचा वेगळा त्रास आहे, राख. आपल्या कोळशात ती पुष्कळ, बऱ्याचदा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त. ही राख फार तापली की वितळते आणि जाळीवर थिजून दगडासारखा थर धरते. त्याला क्लिंकर म्हणतात. क्लिंकर धरला की खालची हवा बंद. मग वरून कितीही चांगला कोळसा घाला, आग मरगळलेलीच राहते. लांब लोखंडी सळईनं तो फोडून काढावा लागतो, जाळी हलवून राख खाली पाडावी लागते. ‘स्टोकन’मधलं ढोसणं ते हेच. स्टोकर फक्त घालत नाही, उकरतोही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अंदाज. टाकलेला कोळसा लगेच पूर्ण ताकद देत नाही, त्याला धरायला काही मिनिटं लागतात. म्हणून चढ आल्यावर कोळसा घालून उपयोग नाही; चढ यायच्या आधी आग तयार पाहिजे. तसंच स्टेशन जवळ आलं की हात आवरायचा. नाहीतर गाडी उभी आणि वाफ वाढतच राहिलेली, मग सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून ती फुकट सुटते. बॉयलरमध्ये थंड पाणी कधी सोडायचं तेही फायरमनच ठरवतो, कारण पाणी सोडलं की काटा खाली येतो; चढावर ऐन जोर हवा असताना पाणी सोडलं तर गाडी रेंगाळते.

हे मोठ्या इंजिनाचं. चुलीवर हीच विद्या लहान आकारात आहे, आणि त्यासाठी आपल्याकडे शब्दही नेमका आहे: सारणं. ‘लाकडं सार’, ‘जाळ सार’ असं आपण म्हणतो, तेव्हा चूल पेटलेली असते. फक्त जळत आलेलं लाकूड आत ढकलायचं असतं. पऱ्हाटी भराभर पेटते आणि भराभर संपते, म्हणून भाकरी होईपर्यंत तिला सारखं सारावं लागतं. तुराट्यांचंही तेच. बाभळीचं लाकूड उशिरा धरतं पण त्याचा इंगळ टिकतो. पऱ्हाटी एकदम कोंबली की घरभर धूर, आणि फुकणी घेऊन डोळे लाल करत बसायची पाळी. ‘स्टोक’ला मराठीत सगळ्यात जवळचं क्रियापद ‘जाळ सारणं’ हेच आहे. शब्दकोशात ‘भडकवणं’ लिहितात, ते वर्तमानपत्री अर्थापुरतं ठीक आहे. त्याकडे शेवटी येतो.

आता भट्टीतून माणसाकडे.

एकोणिसाव्या शतकात वाफेची जहाजं वाढली तशी स्टोकरांची फौज वाढली. ‘टायटॅनिक’वर २९ बॉयलर होते आणि त्यांना १५९ भट्ट्या, प्रत्येक भट्टीत माणूस हातानं कोळसा घालत होता. ब्रिटिश जहाजांवर तर हे काम मोठ्या प्रमाणात आपल्याच उपखंडातल्या खलाशांनी केलं, आणि त्या जहाजांवर भट्टीवाल्याचं नाव ‘आगवाला’ असंच होतं. कोळसा कोठारातून ओढून आणून देणारा ‘कोयलावाला’. शकुंतलेवरचा शब्द आणि अटलांटिकवरचा शब्द एकच.

अशा कामाची भाषा इतर माणसांच्या तोंडी यायला वेळ लागत नाही. १८८० च्या दशकात इंग्रजीत ‘स्टोक अप’ म्हणजे पोटभर खाऊन घेणं, असा अर्थ रूढ झालेला दिसतो. बोअर युद्धाच्या काळात, म्हणजे १८९९ ते १९०२ च्या दरम्यान, इंग्रज शिपाई कूच करायच्या आधी पोटात भर घालायला हाच शब्द वापरत. इथंच शब्दानं खरी उडी मारली. भट्टीची जागा माणसानं घेतली. कोळसा म्हणजे अन्न, आणि पुढे चढ आहे म्हणून आधीच घालून घ्यायचं.

दुसरी उडी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर. लाटांवर फळीनं स्वार होण्याचा खेळ, म्हणजे सर्फिंग, हवाई बेटांचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो कॅलिफोर्नियात रुजू लागला, पण अनेक वर्षं मूठभर लोकांचाच राहिला. १९५० च्या दशकात चित्र बदललं. जड लाकडी फळ्यांच्या जागी आधी बाल्सा लाकडाच्या आणि मग फोमच्या हलक्या फळ्या आल्या, सॅन फ्रान्सिस्कोत जॅक ओनील यांच्यासारख्यांनी थंड पाण्यात तग धरता येईल असे रबरी पोशाख करायला घेतले, आणि तरुण पोरं झुंडीनं समुद्रावर उतरली. या पोरांची एक बोली तयार झाली आणि तिच्यात ‘स्टोक्ड’ हा शब्द बसला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तो सर्फरांचा शब्द म्हणून छापून येऊ लागला होता.

त्यांना हाच शब्द का पटला असावा, हे लाटेचं गणित पाहिलं की लक्षात येतं. लाटा गटानं येतात, मधे शांतता असते. तासभर पाण्यात बसून मनासारखी लाट एखाद-दुसरी मिळते, आणि तिच्यावर उभं राहणं सेकंदांतच संपतं. बाहेर आल्यावर अंगात जे उसळत असतं ते लाटेनं घातलेलं असतं, आणि ते ओसरायच्या आत माणूस पुन्हा पाण्यात जातो. लाट म्हणजे एक फावडं कोळसा. सर्फर त्या उसळीलाच ‘द स्टोक’ म्हणतात, नाम म्हणून.

तिथून पुढचा प्रवास सोपा आहे. लाटा नसतील त्या दिवशी रस्त्यावर चाकांची फळी चालवणारे ते स्केटबोर्डवाले, आणि बर्फावर फळी चालवणारे ते स्नोबोर्डवाले. त्यांनी सर्फरांची बोली उचलली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये किनारा आणि सर्फिंग दोन्ही मुबलक, तिथं शब्द इतका मुरला की क्रिकेटपटू, दुकानदार, शिक्षक सगळेच वापरतात. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सर्फिंग आणि स्केटबोर्डिंग पहिल्यांदाच खेळले गेले. आणि आता समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या आपल्या गावांतही रील्समधून तो कानावर पडतोच.

या सगळ्यातून अर्थाच्या तीन गोष्टी निघतात, आणि शब्दकोशातल्या एकशब्दी अर्थात त्या सापडत नाहीत. ‘स्टोक्ड’ हे कर्मणी रूप आहे: ज्याच्यात इंधन घातलं गेलं तो. त्यामुळे कारण बाहेर असतं, आणि ते सांगता येतं. नुसताच कायम हसतमुख, धडपड्या माणूस ‘स्टोक्ड’ नव्हे. दुसरं, आग आधीपासून असावी लागते. ज्याला क्रिकेटमध्ये रस नाही तो विश्वचषकाच्या तिकिटानं स्टोक्ड होत नाही. तिसरं, ही अवस्था टिकाऊ नाही. निकाल लागला, तिकीट मिळालं, जोडी जमली, त्या दिवसाची ती गोष्ट आहे. दहा वर्षं निष्ठेनं शाळा चालवणाऱ्या शिक्षकाच्या वृत्तीला हा शब्द लावू नये. त्याला ‘डेडिकेटेड’ म्हणावं.

गंमत म्हणजे ‘एन्थुझियॅझम’ हा भारदस्त शब्द ज्या काळात इंग्रजीत वावरू लागला त्याच सतराव्या शतकात ‘स्टोकर’ही आला. एन्थुझियॅझमचं मूळ ग्रीक, आणि त्याचा अर्थ ‘देव आत शिरलेला’. आपल्याकडे जत्रेत एखाद्याच्या अंगात येतं, तसं. त्या काळी इंग्लंडमध्ये कुणाला ‘एन्थुझियास्ट’ म्हणणं म्हणजे धर्मवेडा म्हणण्यासारखं होतं. एका शब्दात देव अंगात येतो, दुसऱ्यात कोळसा पोटात पडतो. मला दुसरा जास्त प्रामाणिक वाटतो. उत्साह कुठून आला ते त्यात लपत नाही.

मराठीत आणायचा तर ‘पेटलेला’ किंवा ‘भडकलेला’ करू नका. मराठीत आगीचे बहुतेक शब्द राग, द्वेष, मत्सर यांच्याकडे झुकतात. माणूस पेटून उठतो तो अन्यायाविरुद्ध, भडकतो तो रागानं, जळतो तो दुसऱ्याचं भलं बघून. सर्फरांनी आगीचा शब्द निव्वळ आनंदाकडे नेला, तिकडे आपले आगीचे शब्द जात नाहीत. ‘हुरूप आला’ हे सगळ्यात जवळचं. ‘लई हुरूप आला’ म्हटलं की कारणही विचारलं जातं आणि तो उतरू शकतो हेही गृहीत असतं. ‘हुरळून गेला’ मात्र नको. त्यात भान सुटल्याची टीका आहे, ‘स्टोक्ड’मध्ये ती नाही.

आता वापर. हा भाग शिकणाऱ्यांनी नीट बघावा, कारण चुका इथंच होतात.

उच्चार ‘स्टोक्ड’ असा लिहितो खरा, पण शेवट ‘ट’कडे जातो: स्टोक्ट, एकाच दमात, मधे स्वर नाही. ‘स्टोकेड’ असं वाचायचं नाही. आपल्याकडे ‘इस्टेशन’, ‘इस्कूल’ म्हणायची सवय असते; इथं सरळ ‘स’पासून सुरुवात करा. ‘ओ’ लांब हवा. ‘स्टॉक्ड’ म्हटलंत तर दुकानात माल भरलेला आहे असा अर्थ होईल, आणि मधे ‘र’ घुसला तर ‘स्ट्रोक’ होऊन ऐकणारा दवाखान्याची चौकशी करेल.

‘आय ॲम स्टोक्ड अबाउट द ट्रिप’: कशाबद्दल ते सांगायचं तर ‘अबाउट’. येऊ घातलेल्या गोष्टीसाठी ‘फॉर’: ‘स्टोक्ड फॉर संडे’. पुढे क्रियापद असेल तर ‘टू’: ‘स्टोक्ड टू मीट यू ऑल’. झालेल्या निकालावर समाधान असेल तर ‘विथ’: ‘स्टोक्ड विथ द रिझल्ट’, हे न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाच्या मुलाखतींत फार ऐकू येतं. ‘स्टोक्ड ऑन’ हे सर्फर-स्केटरांचं खास. नवीन फळी, नवीन जागा आवडली की ते असं म्हणतात. बाहेरच्या माणसानं ‘अबाउट’वरच थांबलेलं बरं. जोर द्यायला ‘सो’, ‘प्रिटी’, ‘ॲब्सोल्यूटली’ चालतात.

‘आय ॲम स्टोकिंग’ म्हणू नका, त्याचा अर्थ मी कोळसा घालतोय असा होतो. ‘आय स्टोक्ड व्हेन आय हर्ड’ हेही चूक; ‘आय वॉज स्टोक्ड’ हवं. आणि बातमी स्टोक्ड नसते, माणूस असतो. ‘स्टोक्ड न्यूज’ असं इंग्रजीत नाही. या तिन्ही चुकांचं कारण एकच: भट्टी कोण आणि फावडं कुणाच्या हातात, याचा घोळ.

नोकरीच्या अर्जात, बँकेच्या पत्रात, प्राचार्यांना लिहिलेल्या मेलमध्ये हा शब्द टाळा. तिथं ‘कीन’, ‘ईगर’, ‘डिलाइटेड’ लिहा. मित्राला, भावाला, संघातल्या सोबत्याला लिहिताना बिनधास्त वापरा. वयाचा प्रश्न नाही, सलगीचा आहे.

जवळचे शब्दही बरेचसे यंत्रशाळेतलेच आहेत. ‘फायर्ड अप’ त्याच भट्टीतला, पण त्यात झुंजीची धार आहे. सामन्याआधी खेळाडू फायर्ड अप असतो, जिंकल्यावर स्टोक्ड. ‘पम्प्ड’मध्ये हवा भरलेली आहे, अंगाची ताकद त्यात जास्त. ‘ॲम्प्ड’मध्ये वीज आहे आणि थोडी अस्वस्थता. ‘हाइप्ड’मध्ये गाजावाजा असतो.

‘गंग हो’ची मात्र जात वेगळी. तो चिनी आहे. १९३८ साली जपानी आक्रमणात चीनचे कारखाने उद्ध्वस्त होत असताना न्यूझीलंडचे रेवी अॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान लहान औद्योगिक सहकारी संस्थांची चळवळ उभी केली. ‘गंग हो’ हे त्या संस्थांच्या लांबलचक चिनी नावाचं दोन अक्षरी लघुरूप, आपण ‘जिनिंग-प्रेसिंग सहकारी संस्था’ म्हणायच्या ऐवजी नुसतं ‘जिनिंग’ म्हणतो त्यातला प्रकार. अमेरिकेच्या मरीन दलाचे अधिकारी इव्हान्स कार्लसन यांनी ते चीनमध्ये ऐकलं, ‘मिळून काम करा’ असा त्याचा अर्थ घेतला आणि १९४२ मध्ये आपल्या तुकडीचं घोषवाक्य केलं. पुढे अमेरिकन बोलीत त्याला ‘फाजील उत्साही’ अशी छटा आली.

राहिला वर्तमानपत्री अर्थ. स्पर्धा परीक्षेच्या उताऱ्यात ‘स्टोक’ आला तर तो सर्फरांचा नसतो. ‘स्टोक फिअर्स’, ‘स्टोक टेन्शन्स’, ‘स्टोक अँगर’: भीती, तणाव, राग यांना खतपाणी घालणं. अर्थव्यवस्थेच्या बातमीत ‘स्टोक इन्फ्लेशन’, ‘स्टोक डिमांड’ असतं. इंधन पडलं आणि महागाई किंवा मागणी वाढली. इथंही आग आधीची आहे हे विसरू नका. ‘सरकारच्या निर्णयानं महागाई स्टोक झाली’ म्हणजे महागाई होती, ती वाढली. ती नव्यानं सुरू झाली असा पर्याय दिला असेल तर तो चूक. ‘फॅन द फ्लेम्स’ हा वाक्प्रयोग याच्या शेजारचा, पण त्यात वारा घातला जातो, इंधन नाही. बोलण्यानं, अफवेनं आधीचा वाद चेतवला की ‘फॅन’. पैसा, माल, नवीन कारण पुरवलं की ‘स्टोक’ जास्त नेमका. लिहिणारे हा फरक नेहमीच पाळत नाहीत, पण चांगले पाळतात.

बेन स्टोक्सच्या आडनावाचा मात्र या आगीशी संबंध नाही. इंग्लंडमध्ये ‘स्टोक’ नावाची पुष्कळ गावं आहेत, त्यांवरून ते आडनाव पडलं. गावांच्या नावातला हा ‘स्टोक’ जुन्या इंग्रजीतला, ‘ठिकाण’, ‘वस्ती’ अशा अर्थाचा, डचांकडून आलेल्या शब्दाच्या कित्येक शतकं आधीचा.